महिन्याचं वाणसामान: तळीच्या दुकानातून की चिपळूणच्या मार्टातून? (दोन बिलांचा हिशोब)

कुळथाची_पिठी
९ ऑगस्ट, रात्री ९:४०

आमच्याकडे चार महिने एकाच विषयावरून धुसफूस चालू आहे, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसले. तुम्हीच सांगा कोणाचं चुकतंय.

आम्ही शृंगारतळीच्या पुढे, गुहागरच्या बाजूला राहतो. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं. सासऱ्यांच्या वेळेपासून महिन्याचं सामान तळीतल्या एकाच दुकानातून येतं. पूर्वी यादी घेऊन जायचं, आता व्हॉट्सअॅपवर टाकायची. संध्याकाळपर्यंत त्यांचा पोरगा घरपोच आणून देतो, वर ‘वहिनी, रवा बारीक होता म्हणून जाडा नाही दिला’ असा निरोपही सांगतो. आता चिपळूणला हायवेला लागून मोठं मार्ट झालंय. नवऱ्याचं म्हणणं, आपण दुकानदाराला दर महिन्याला हजारभर रुपये उगाच वर देतो.

मग ठरवलं, बघूनच घेऊ. ३१ वस्तूंची तीच यादी जूनमध्ये मार्टातून आणली, जुलैमध्ये दुकानातून.

मार्ट ४,९१० रुपये. दुकान ५,२६५ रुपये. फरक ३५५. हजार नव्हे.

‘तरी वर्षाचे ४,२६० झाले ना,’ इति नवरा. झाले. पण चिपळूण जाऊन-येऊन ७० किलोमीटर पडतं. एवढं सामान स्कूटरवर मावत नाही, गाडी काढावी लागते. गाडी लिटरला सोळा देते, म्हणजे साधारण ४६० रुपयांचं पेट्रोल गेलं. शिवाय मार्टाच्या बिलात यादीत नसलेल्या १,१४० रुपयांच्या वस्तू निघाल्या (त्या वरच्या ४,९१० मध्ये धरलेल्या नाहीत): एकावर एक फुकट चिवडा, तीन प्लास्टिकचे डबे ज्यांची झाकणं बसत नाहीत, मुलांच्या हट्टाचं कॉर्नफ्लेक्स, आणि एक पायपुसणं. ते ट्रॉलीत कोणी टाकलं हे आजतागायत कोणी कबूल केलेलं नाही.

दुसरी गंमत अशी की ३५५ मधले ३१० रुपये फक्त सहा वस्तूंत आहेत: कपड्याची पावडर, अंगाचा साबण, भांड्याचा साबण, टूथपेस्ट, चहा आणि तेल. उरलेल्या २५ वस्तूंत मिळून फरक ४५ रुपयांचा. त्यातही पोहे, गूळ आणि कुळीथ दुकानातच स्वस्त. पेजेचा उकडा तांदूळ मार्टात नव्हताच, म्हणून तो हिशोबात घेतला नाही.

नवरा म्हणतो, तू दुकानाची वकिली करतेस. करतेय का?

---

घाटवळण
९ ऑगस्ट, रात्री १०:१५

ताई, पेट्रोल पूर्ण धरणं चूक आहे. तुम्ही महिन्यातून एकदा तरी चिपळूणला येतच असणार. दात, बँक, मुलांची पुस्तकं, काहीतरी असतंच. त्याच फेरीत सामान घेतलं तर पेट्रोल शून्य. आणि पायपुसण्याचा दोष मार्टावर कसा? यादी घेऊन जायचं, यादीपुरतं घ्यायचं आणि बाहेर पडायचं.

---

शेवग्याची_शेंग
९ ऑगस्ट, रात्री १०:३२

घाटवळण, तुम्ही मुलांना घेऊन मार्टात कधी गेला नाहीत असं दिसतंय.

---

गल्ल्यावरचा
१० ऑगस्ट, दुपारी २:५०

चिपळूणच्या पेठेत माझं किराणा दुकान आहे, आजोबांनी टाकलेलं. तेव्हा मी कोणत्या बाजूचा ते वेगळं सांगत नाही. दुपारी गिऱ्हाईक नसतं म्हणून सविस्तर लिहितो.

ताईंचा हिशोब बरोबर आहे. त्या सहा वस्तूंबद्दल सांगतो, कारण दुकानदार लुबाडतो हा समज तिथूनच निघतो. कपड्याची पावडर कंपनीतून डेपोत येते, डेपोतून एजन्सीकडे, आणि एजन्सीच्या टेम्पोतून लाइनच्या दिवशी (टेम्पो आमच्या भागात फिरतो तो दिवस) माझ्याकडे. एजन्सीचं कमिशन त्यातूनच जातं. माझ्या हाती साबण-पावडरीत आठ-दहा टक्के राहतात. त्यात लाइटबिल, पोऱ्याचा पगार, फुटलेली पाकिटं आणि उंदीर. मार्ट थेट कंपनीचा ट्रक उतरवून घेतं, पैसेही लवकर मोकळे करतं, त्याला दर वेगळा मिळतो. कित्येकदा मार्टाच्या फळीवरची किंमत माझ्या खरेदीपेक्षा खाली असते.

लपवत नाही, गेल्या दिवाळीला तेलाचे डबे मीच मार्टातून आणून दुकानात विकले. एका माणसाला दोनच देत होते, म्हणून बायको, मेव्हणा आणि शेजारचा टेलर असे तिघे रांगेत उभे केले.

आमच्या एजन्सीवाल्यांचंही तेच दुखणं आहे. २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी असहकार पुकारला होता. मोठ्या घाऊक आणि ऑनलाइनवाल्यांना कंपनी स्वस्त देते, मग आम्हाला महाग का, हा त्यांचा प्रश्न. पेपरात गाजलं. माझ्या फळीवरच्या दरात चार आण्यांचा फरक पडला नाही.

सुट्या मालाचं मात्र उलट. डाळी, गूळ, पोहे, शेंगदाणे मी कराड-कोल्हापूरकडून मागवतो, गाडी कुंभार्ली घाट उतरून येते. पोत्यात हात घालून बघता येतं, पसंत नाही तर परत पाठवता येतं. तिथे मी मार्टाला भीत नाही.

---

शेवग्याची_शेंग
१० ऑगस्ट, दुपारी ३:२०

काका, सगळं मान्य. पण पेठेत पक्कं बिल मागितलं की तुमच्या लोकांची तोंडं वाकडी का होतात?

---

गल्ल्यावरचा
१० ऑगस्ट, दुपारी ३:४१

काहींची होतात, त्यांची कारणं तुम्हाला ठाऊक आहेत आणि मलाही. पण सगळी तशी नाहीत. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. त्यावर दीड कोटीपर्यंत कंपोझिशन (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी कर योजना) घेता येतं, मी त्यात आहे. त्यात करपात्र मालाच्या विक्रीवर एक टक्का मी माझ्या खिशातून भरतो. गिऱ्हाइकाच्या बिलात कर वेगळा दाखवायचा नाही, आणि मी एजन्सीला दिलेल्या कराचा परतावाही मला मिळत नाही. म्हणून माझ्या बिलावर जीएसटीचा रकाना नसतो. लोकांना वाटतं कच्चं बिल दिलं. मागा, मिळेल.

---

चाकरमानी_७७
१० ऑगस्ट, रात्री ११:०५

धागा वाचून गावची आठवण आली. आपल्या माणसाकडून घेतलं की पैसा आपल्या मातीत राहतो, हे आपण विसरत चाललोय. मुंबईत आम्हाला या मॉल संस्कृतीचा कंटाळा आलाय. कोकणातल्या लोकांनी तरी पेठा जपाव्यात ही कळकळीची विनंती.

---

रायवळ_आंबा
१० ऑगस्ट, रात्री ११:३०

चाकरमानी दादा, राग मानू नका. गेल्या चतुर्थीला तुमच्या डब्यातून उतरणाऱ्या पिशव्या मी स्टेशनावर डोळ्यांनी बघितल्यात. रवा, साखर, मैदा, खोबऱ्याच्या वाट्या, अगरबत्ती, थर्माकोल बंद झाल्यापासून कागदी मखरसुद्धा, सगळं मुंबईहून. एका काकांनी तर नारळ आणले होते! कोकणात! पेठेत मग तुम्ही काय घेता, तर माटवीचं (गणपतीवर टांगायच्या चौकटीचं) सामान आणि वर ‘केवढं महाग केलंत रे’.

---

चाकरमानी_७७
१० ऑगस्ट, रात्री ११:४८

नारळ आमचे नव्हते. बाकी कबूल. बायको म्हणते दादरला स्वस्त मिळतं.

---

बांगडो
११ ऑगस्ट, सकाळी ७:१०

मार्ट नि दुकान ऱ्हवांदे, बाजाराचा काय? आमच्या कुडाळात बुधवारचो बाजार भरता. सुको जवळो, तिरफळां, गावठी अंडी, लाल भाजी, सगळा रस्त्याच्या कडेक गोणपाट घालून बसलेल्या बायांकडे. तेंका तुमचा मार्ट नको नि दुकानय नको. पण एक असा, गाववाल्याक एक दर नि चाकरमान्याक दुसरो. मी मालवणीतसून इचारलंय तरी माका चाकरमान्याचोच दर लावतत, शर्टाक बघून.

---

मे_महिन्यातली
११ ऑगस्ट, दुपारी १२:२५

एक गोष्ट इथे कोणीच लिहिली नाही, म्हणून लिहिते. कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही मला.

आमच्या गावात एकच दुकान, आणि दुकानदार बाबांचे शाळासोबती. बारा वर्षांची असल्यापासून पॅड आणायला तिथेच जावं लागायचं. दुकानात दोन-चार पुरुष असले की मी बाहेर उभी राहून लिमलेटच्या बरण्या मोजत बसायची. एकदा सात बरण्या मोजून झाल्या, पुन्हा उलट्या मोजल्या, तरी एक काका तंबाखू मळत हलेचनात. शेवटी साबण घेऊन घरी गेले. दुकानातले काका वाईट नव्हते, उलट मला बघितलं की न बोलता आत जायचे आणि वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून द्यायचे. पण काळी पिशवी घेऊन कोण चाललंय ते अख्ख्या वाडीला कळायचंच.

रत्नागिरीला नोकरीला लागले तेव्हा पहिल्यांदा मार्टात त्या फळीसमोर उभी राहिले. पाकिटं उलटसुलट करून वाचली. कोणी बघत नव्हतं. त्यांचे इतके आकार असतात हे मला बाविसाव्या वर्षी कळलं.

दुकानदार आपल्याला ओळखतो हे सगळे कौतुकाने सांगतात. मला ती ओळखच नको होती. दोन किलो साखर जास्त घेतली तर ‘पाहुणे येतायत वाटतं, बघायला का?’ असा प्रश्न येतो, आणि संध्याकाळी तोच प्रश्न शेजारीण विचारते.

---

कुळथाची_पिठी
११ ऑगस्ट, दुपारी १२:५०

मे_महिन्यातली, हे वाचून गप्प झाले. आमच्या दुकानात मी यादीत ‘ते’ लिहायचे आणि पोरगा ‘ते’ आणायचा. मला ते सोयीचं वाटायचं. आता माझी मुलगी अकरा वर्षांची आहे.

---

गल्ल्यावरचा
११ ऑगस्ट, दुपारी ३:१५

हे बरोबर बोललात. माझ्याकडेही वीस वर्षं ते आतल्या कपाटात होते. गेल्या वर्षी बायकोने ते साबणाच्या शेजारी, हाताला येतील असे मांडले. मी दोन दिवस कुरकुरलो. खप वाढला, मग गप्प बसलो. वर्तमानपत्र अजून लोकच मागतात, देतो.

---

बिलिंगवाली
११ ऑगस्ट, रात्री १०:४०

मी एका मार्टात बिलिंगला आहे. कुठल्या ते लिहीत नाही. त्याआधी पेठेतल्या एका कापडाच्या दुकानात तीन वर्षं होते. सकाळी साडेनऊ ते रात्री साडेआठ. सुट्टी फक्त बाजार बंद असेल त्या दिवशी. पगार पाच हजार, तोही दोन हप्त्यांत, आणि दिवाळीला बोनस म्हणून एक साडी, जी दुकानात खपलेली नसायची ती. मालक स्वभावाने चांगले होते. मुलीसारखी मानायचे. मुलीला पीएफ नसतो.

इथे हातात साडेअकरा हजार येतात, पीएफ कापून. आठवड्याची सुट्टी आहे, पण शनिवार-रविवार कधीच नाही. नऊ तास उभं राहायचं, बसायला स्टूल नाही, पोटऱ्या भरून येतात. मशीनमध्ये पैसे कमी भरले तर आमच्याकडून कापतात. गेल्या चतुर्थीला दीड दिवसाची रजा मागितली, एक दिवस मिळाली. विसर्जनाला पोचले नाही.

तरी परत पेठेत जाशील का म्हणून विचारलं तर नाही. ज्यांना पेठ टिकायला हवी आहे त्यांनी पेठेत काम करणाऱ्या पोरींना किती देतात तेही एकदा विचारा.

---

घाटवळण
११ ऑगस्ट, रात्री ११:०२

+१. या धाग्यातला सर्वांत कामाचा प्रतिसाद.

---

हर्णेकिनारा
१२ ऑगस्ट, सकाळी ९:३०

३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं तेव्हा आम्ही दापोलीच्या खाली किनाऱ्यावरच होतो. त्यात टाळेबंदी चालू. छपरं उडाली, माडाच्या आणि सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब रस्त्यावर. आमच्या वाडीत लाइट यायला २३ दिवस लागले. फोन बंद, एटीएम बंद, कार्डांचा उपयोग पत्ते खेळायलासुद्धा नाही.

आमचा दुकानदार दुसऱ्या दिवशी अर्धं शटर वर करून बसला. छपराचे पत्रे त्याचेही गेले होते. एका घराला दोन मेणबत्त्या, एक माचीस, दोन किलो तांदूळ. पैसे नंतर. जास्त कोणालाच दिलं नाही, सरपंचालाही नाही. वहीत नावं लिहिली ती पावसाने ओली झाली, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यावर खडूने लिहायला लागला.

हे लोक नेहमी सांगतात, मीही सांगतो. पण अर्धंच सांगतात. पुढच्या स्टॉपवर दुसरं दुकान आहे, तिथे दहाची मेणबत्ती तीसला होती. ताडपत्रीचा दर तर तोंड बघून. दोघंही आपलेच, दोघंही छोटे. तीसवाला आजही धंदा करतो आणि बरा चालतो, कारण त्याच्याकडे फ्रीज मोठा आहे.

---

आगळवाली
१२ ऑगस्ट, दुपारी १:४५

माल विकत घेणाऱ्यांचं झालं, माल देणाऱ्यांचं ऐका.

आमचा नऊ बायकांचा बचत गट आहे, सावंतवाडीजवळ. कोकम आगळ, आमसुलं, फणसपोळी, कुळथाचं पीठ. आपल्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, पाहुण्यांच्या भाषणात दर वेळी असतं. आम्ही बाटल्या घेऊन एका मोठ्या साखळी दुकानाच्या ऑफिसात गेलो होतो. साहेब चांगले बोलले, चहा दिला. बारकोड हवा, ठीक. एफएसएसएआय (खाद्यपदार्थांचा परवाना) हवं, ते होतं. महिन्याला ५०० बाटल्या बारा महिने हव्यात. न खपलेला माल परत घ्यायचा. पैसे साठ दिवसांनी.

आता रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मेमध्ये. मिरगाचा पाऊस पडला की जे झाडावर आहे ते सडलं. महिनाभरात जेवढं फोडून, मिठात घालून, गाळून होतं तेवढंच वर्षाचं. दर महिन्याला ५०० बाटल्या द्यायच्या तर दुसऱ्याचं घेऊन पाणी घालावं लागेल. परत आलो.

पेठेतले दुकानदार २४ बाटल्या कागदपत्राशिवाय ठेवून घेतात, ‘खपल्यावर देतो’ म्हणतात. एकाने बाहेर उन्हात मांडल्या, रंग गेला, झाकणं फुगली, आणि आम्हालाच सांगतो तुमचा माल खराब. दुसरा दिवाळीचे पैसे शिमग्याला देतो, तेही तीन हेलपाटे घातल्यावर. साठ दिवसांची मला आता तक्रार वाटत नाही.

पण एका मावशींचं चहाचं दुकान आहे एसटी स्टँडजवळ. त्या गिऱ्हाइकाला आधी अर्धा पेला सोलकढी पाजतात, मग बाटली दाखवतात. हंगामात चारशे बाटल्या त्यांनी एकटीने खपवल्या. पैसे त्याच संध्याकाळी.

अवांतर: आगळ आणि अमृत कोकम वेगळं. आगळात मीठ असतं, कढीसाठी. सरबताचं अमृत कोकम साखरेतलं. दर वर्षी कोणीतरी आगळाचं सरबत करून पितं आणि आम्हाला शिव्या घालतं.

---

निवृत्त_मास्तर
१२ ऑगस्ट, सायंकाळी ६:२०

२०१२ साली केंद्राने किरकोळ विक्रीत परदेशी भांडवलाला ५१ टक्क्यांपर्यंत परवानगी दिली, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये महिनाभर भांडणं चालली. आता दुकानं संपली, असं आम्ही खडू हातात घेऊन सिद्ध करत होतो. त्यात एक अट होती, दहा लाखांवर वस्तीच्या शहरांतच दुकान काढायचं. आणि आपल्या अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये साडेआठ लाख! म्हणजे ज्याला आम्ही घाबरत होतो तो इकडे येणारच नव्हता. जे आले ते आपलेच देशी मार्टवाले, आणि त्यांच्यासाठी आम्ही एकही मोर्चा काढला नाही. उलट उद्घाटनाला रांग लावली, मीही होतो.

पण मूळ आकडा वेगळाच आहे. रत्नागिरी जिल्हा २००१ ला सुमारे १६.९७ लाख, २०११ ला १६.१५ लाख. सिंधुदुर्गही त्या दहा वर्षांत घटला. राज्य वाढत होतं आणि आपले दोन्ही जिल्हे आटत होते. माझ्या वाडीत १९८० साली ४२ उंबरे होते आणि तीन दुकानं. आज चूल पेटते ती १४ घरांत, बाकी कुलपं. दुकान एक. बंद पडलेल्या दोन दुकानांपैकी एक १९९६ ला गेलं, दुसरं २००८ ला. जवळचं मार्ट माझ्या घरापासून ४० किलोमीटरवर आहे आणि ते झालं अलीकडे. तेव्हा ती दोन दुकानं मार्टाने बंद पाडली असं मला म्हणता येत नाही. गिऱ्हाईक विरार-नालासोपाऱ्याला गेलं.

उरलेल्या दुकानात आम्ही म्हातारी माणसं पाच रुपयांचा बिस्किटपुडा, शंभर ग्रॅम चहा, पाव लिटर तेल घेतो. मार्टाला आमचा उपयोग नाही, आणि पाच किलोची पिशवी उचलवत नाही म्हणून आम्हाला मार्टाचा नाही.

---

घाटवळण
१२ ऑगस्ट, सायंकाळी ७:०५

मास्तर, मुद्दा पटला, पण तालुक्याच्या पेठांना तो लागू नाही. चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीला माणसं वाढतायत. तिथे मार्टाचा फटका खरा आहे. गल्ल्यावरचे काका, तुमची विक्री किती घटली? सांगायचं नसेल तर राहू दे.

---

गल्ल्यावरचा
१२ ऑगस्ट, रात्री ९:५०

साबण-पावडरीची निम्म्यावर आली. सुट्या मालाची फारशी नाही. महिन्याच्या यादीचं गिऱ्हाईक गेलं, रोजचं राहिलं. म्हणजे जो मोठं बिल करून रोख द्यायचा तो मार्टात गेला, आणि जो दहा-वीसचं घेऊन लिहून ठेवायला सांगतो तो माझ्याकडे राहिला. धंदा करणाऱ्याला विचारा याचा अर्थ काय होतो ते.

उधारीवरून आठवलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी पेठेत शिरलं तेव्हा माझ्या दुकानात माळ्यापर्यंत होतं. २००५ च्या पुरात जिथवर आलं होतं त्याच्या वर चार फळ्या सोडून आम्ही माल ठेवत होतो, त्या फळ्याही गेल्या. विमा होता तो इमारतीचा, मालाचा काढायचा राहिला होता. साखर विरघळून गेली, तिचं पोतं नुसतं ओल्या धोतरासारखं लोंबत होतं. आणि वह्या गेल्या. अंदाजे एक लाख ऐंशी हजारांची उधारी.

आठ-दहा दिवस नुसता चिखल ओढत होतो. एक दिवस खेंडीकडच्या एक बाई आल्या, पदराच्या गाठीतून पैसे काढले. ‘साडेआठशे होते माझे.’ मी म्हटलं, राहू दे, तुमच्याही घरात पाणी होतं. तर फळीवर ठेवून गेल्या, फळी अजून ओली होती. असे निम्म्याहून जरा कमी लोक आले. बाकीचे नाही आले. त्यातले काही अजून समोरून जातात, काही रस्त्याच्या पलीकडून. सगळ्यांत मोठी दोन खाती होती, ते दोघं हल्ली मार्टातून ट्रॉली भरून निघतात असं मेव्हणा सांगतो. मेव्हणा तिथे काय करत होता ते मी विचारलं नाही.

त्या बाईंना मी आजही शेंगदाणे निवडून देतो. एवढंच.

बिलिंगवाली ताई, तुमचं वाचून माझ्या पोऱ्याचा पगार मनात आला. तो मी इथे लिहिणार नाही. या महिन्यापासून बदलतो.

---

बिलिंगवाली
१२ ऑगस्ट, रात्री १०:२०

काका, सुट्टीचंही बघा.

---

कुळथाची_पिठी
१५ ऑगस्ट, दुपारी ४:३०

झेंडावंदनाला तळीत गेले होते, तेव्हा दुकानदारांना धाग्यातला हिशोब दाखवला. नावं वाचून दाखवली नाहीत, आकडे फक्त. त्यांनी चष्मा लावून ती सहा वस्तूंची यादी नीट बघितली. मला वाटलं रागावतील, निदान सासऱ्यांचं नाव तरी काढतील. म्हणाले, ‘पावडर आणि तेल तिकडूनच आणा वहिनी, माझं त्यात काही सुटत नाही. पण तांदूळ-डाळ तिकडची घेऊन पोरांची पोटं बिघडवू नका.’

मग थोडं थांबून विचारलं, ‘चतुर्थीच्या आधी गाडी जाणारच आहे ना चिपळूणला? माझ्यासाठी पण तेलाचे चार डबे टाका. पैसे आत्ता देऊ की नंतर?’

मी म्हटलं, लिहून ठेवते.

नवरा तेव्हापासून हसतोय. ठरलंय असं: सहा वस्तू मार्टातून, तीन महिन्यांतून एकदाच, दुसऱ्या कामाची फेरी असेल तेव्हा (घाटवळण, ही सूचना तुमची). बाकी सगळं तळीतून. यादीत आता ‘ते’ लिहिणार नाही, नाव आणि आकार लिहिणार. मुलीला सोबत नेऊन एकदा फळीवरचंही दाखवणार.

---

शेवग्याची_शेंग
१५ ऑगस्ट, दुपारी ४:४५

सगळं ठीक. पण पायपुसणं कोणी टाकलं होतं?

---

कुळथाची_पिठी
१५ ऑगस्ट, सायंकाळी ५:१०

सासूबाईंनी. काल कबूल झाल्या. म्हणे इतकी वर्षं त्या वाण्याकडे पायपुसणं मागत होत्या, तो दर वेळी ‘पुढच्या गाडीला येतंय’ म्हणायचा.